ऊससुद्धा गवतच आहे : दहावीच्या उजळणीआधी थोडं आपल्या शिवाराविषयी



जानेवारी उजाडला की हायस्कूलमध्ये उजळणीची घाई सुरू होते. विज्ञान भाग दोन म्हटलं की व्याख्या, फरक स्पष्ट करा, शास्त्रीय कारणे लिहा, आकृती काढून नावे द्या. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीला परिसर अभ्यास शिकवते. दहावीचं पुस्तक माझं नाही. पण माझ्या वर्गातून पुढे गेलेली मुलं आता नववी-दहावीत आहेत आणि संध्याकाळी वही घेऊन घरी येतात. त्यामुळे त्यांचं काय पक्कं आहे आणि काय नुसतंच पाठ आहे, ते मला दिसतं. हायस्कूलच्या सरांनी-मॅडमनी रागावू नये, पण जे दिसतं ते लिहिते.

'परिसंस्था म्हणजे काय?' असं विचारलं की मुलं धडाधडा म्हणतात, जैविक घटक, अजैविक घटक आणि त्यांच्यातल्या आंतरक्रिया मिळून परिसंस्था बनते. शंभर टक्के बरोबर. मग विचारलं, 'आपल्या उसाच्या फडात परिसंस्था आहे का?' तर सगळे गप्प. एक जण म्हणाला, "नाही मॅडम, ते तर शेत आहे. परिसंस्था जंगलात असते, नाहीतर तळ्यात." त्याचा दोष नाही. पुस्तकात जंगलाचं आणि तळ्याचं चित्र आहे, उसाचं नाही. पण आमच्या शिरूर-दौंडच्या मुलांनी जंगल पाहिलेलं नसतं. त्यांनी ऊस पाहिलेला असतो, नदी पाहिलेली असते, माळ पाहिलेला असतो. माझं म्हणणं एवढंच, की जीवशास्त्राच्या मूळ संकल्पनांची उजळणी प्रश्नसंचातून नाही तर इथून सुरू करावी. त्यात वेळ वाया जात नाही, उलट वाचतो.

सुरुवात प्रकाशसंश्लेषणापासूनच करू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. मुलांना समीकरण येतं. पण 'एवढा मोठा ऊस झाला, त्याचं वजन कुठून आलं?' असं विचारा. दहापैकी नऊ मुलं सांगतील, "खतातून," "मातीतून." घरातली मोठी माणसंही हेच सांगतील, कारण युरियाच्या गोणीचे पैसे त्यांनी मोजलेले असतात! आता हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वीच्या माणसालाही पडला होता. व्हॅन हेल्मॉन्ट नावाच्या शास्त्रज्ञाने कुंडीत दोनशे पौंड कोरडी माती वजन करून भरली, त्यात विलोचं पाच पौंडांचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं सुमारे १६९ पौंडांचं. माती परत वाळवून मोजली तर घटली जेमतेम दोन औंस. त्याचं हे लिखाण १६४८ मध्ये छापलं गेलं. त्यानं निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनलं. निम्मं बरोबर होतं. उरलेलं निम्मं हवेत होतं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, ते पुढे इतरांनी शोधलं.

उसाच्या वजनात साधारण ७० टक्के पाणीच असतं. उरलेली साखर आणि चोथा, त्यातला कार्बन सगळा हवेतून आलेला. खतातून येतं ते नायट्रोजन, स्फुरद, पालाश, हे लागतं थोडंसं, पण त्याशिवाय भागत नाही. हे एकदा मुलाच्या डोक्यात बसलं की 'स्वयंपोषी' हा शब्द पाठ करावा लागत नाही.

यातच आणखी एक गोष्ट. 'झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात' हे वाक्य मी दहावीच्या मुलाच्या तोंडून ऐकलं, डीएडच्या विद्यार्थ्याच्याही तोंडून ऐकलं. श्वसन चोवीस तास चालू असतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्यामुळे ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो, इतकंच. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तसं पिंपळ किंवा तुळस रात्री ऑक्सिजन सोडत नाही. उजेड नाही तर पाण्याचं विघटन नाही, आणि पाण्याचं विघटन नाही तर ऑक्सिजन नाही. पिंपळाबद्दल आदर ठेवायला माझी काही हरकत नाही, पण परीक्षेत असं लिहून आल्यावर गुण द्यायचे की नाहीत हा प्रश्न पडतो.

पेशीचं म्हणाल तर कांदा आपल्याकडे भरपूर. कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक शाळेत दाखवला जातो, आकृती काढली जाते आणि पुढे कोणी काही विचारत नाही. इथे एकच प्रश्न विचारा : कांदा ही वनस्पती आहे, मग या पेशींत हरितलवक का दिसत नाही? मुलं घाबरतात, आपलं काहीतरी चुकलं असं वाटतं त्यांना. कांदा म्हणजे जमिनीखाली वाढलेल्या, अन्न साठवणाऱ्या पानांच्या तळांचा गड्डा. उजेडच नाही तर हरितलवक कशाला? मग पातीचा तुकडा घ्या आणि फरक बघा. पेशी एकाच झाडाच्या, पण काम वेगळं म्हणून पेशीतली अंगकं वेगळी. हा अर्ध्या तासाचा तास आहे, आणि आठवीतला 'पेशी व पेशीअंगके' हा अख्खा धडा त्यात पुन्हा जागा होतो.

आता मूळ विषयाकडे येते, ज्यासाठी हे लिहायला बसले. अन्नसाखळी.

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. ही साखळी मुलांना झोपेतही येते. मी मुलांना सांगते, ही बाजूला ठेवा, आपल्या वस्तीची काढा. घार येते, साप येतो, उंदीर येतो. मग कोणीतरी हळूच म्हणतं, "बिबट्या काढायचा का?"

काढायचाच. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांच्या आत बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले. दोन लेकरं आणि एक आजी. लोक रस्त्यावर उतरले, पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला, वनखात्याची गाडी जाळली गेली, शेवटी त्या भागात एका बिबट्याला गोळी घातली गेली. दौंडमध्येही भीमाकाठच्या उसात बिबट्या आता नवा राहिलेला नाही. आमची मुलं अंधार पडायच्या आत घरी पोचावीत म्हणून पालक शेतातली कामं टाकून येतात. असं सगळं चालू असताना अन्नसाखळीच्या धड्यात आपण नाकतोड्यापाशीच थांबलो, तर मुलांना वाटणारच की शाळेतलं विज्ञान वेगळं आणि आपलं जगणं वेगळं.

ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरासमोर उभं राहून ऊर्जेचा मनोरा समजावायचा नसतो, एवढी अक्कल आपल्याला आहे. बिबट्याची बाजू घ्या असं मी मुळीच म्हणत नाही. मी म्हणते आहे की तो इथे का आहे, हे मुलांना कळलं पाहिजे, कारण पारावर चाललेल्या चर्चेत जे ऐकायला येतं त्यातलं बरंचसं शास्त्राला धरून नसतं. 'जंगल तोडलं म्हणून तो गावात आला.' 'वनखात्यानंच आणून सोडलेत.' 'एकदा सगळे पकडून न्या, विषय संपेल.' ही तिन्ही वाक्यं वर्गात फळ्यावर लिहा आणि आठवी-नववीच्या पुस्तकातल्या संकल्पना घेऊन एकेक तपासा.

पहिलं, अधिवास. सजीवाला तीन गोष्टी लागतात : अन्न, पाणी, लपायला-पिल्लं वाढवायला जागा. ऊस हा गवताच्या कुळातला. म्हणजे आपण हजारो एकरांवर आठ-दहा फूट उंचीचं दाट गवत लावलेलं आहे. सुरू ऊस बारा महिने, आडसाली सोळा-अठरा महिने उभा. कुकडी, घोड, डिंभे, चासकमान या धरणांच्या पाण्याने ज्या जिरायती रानात एके काळी बाजरी आणि मटकी होती, तिथे हे गवत उभं राहिलं. मादीचा गर्भकाळ साधारण तीन महिन्यांचा, एका वेळी दोन-तीन पिल्लं. ती उसात जन्मतात, उसातच वाढतात. आजच्या तरुण बिबट्यांच्या कित्येक पिढ्यांनी जंगल पाहिलेलंच नाही, अगदी आमच्या मुलांसारखं. त्यामुळे 'जंगलातून आला' हे वाक्य अपुरं आहे. तो इथलाच झालेला आहे.

दुसरं, ऊर्जेचा प्रवाह. १९४२ मध्ये लिंडमन या शास्त्रज्ञाने मांडलं की एका पोषण पातळीवरून पुढच्या पातळीवर साधारण १० टक्केच ऊर्जा जाते, बाकीची जगण्यात आणि उष्णतेत खर्च होते. म्हणून वरच्या पातळीवरचे प्राणी नेहमी थोडेच असतात. हे मी सांगितलं तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारलं, "मग आपल्याकडे इतके बिबटे कसे, मॅडम?" सगळ्या उजळणीतला हा सर्वात चांगला प्रश्न होता. याचं उत्तर पुस्तकात सरळ मिळत नाही, पण पुस्तकातल्याच कल्पनेतून निघतं. मनोऱ्याचा पाया रुंद केला की वरचा मजलाही रुंद होतो. आणि इथला पाया आपण रुंद केलेला आहे. धरणाचं पाणी डोंगरातून येतं, खत कारखान्यातून, गाईची पेंड बाहेरच्या बाजारातून. त्यावर गाई, शेळ्या, कोंबड्या. त्यांच्या उरलेल्यावर, लग्नकार्याच्या खरकट्यावर, पोल्ट्रीच्या मेलेल्या पक्ष्यांवर गावोगावची मोकाट कुत्री. आणि त्या कुत्र्यांवर बिबट्या.

हे मी मनाने सांगत नाही. शेजारच्याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून तो काय खातो ते तपासलं. २०१४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा निघाला, त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, पण त्यांचा वाटा फक्त ११ टक्के. का? कारण शेळी रात्री गोठ्यात बंद असते आणि कुत्रं उकिरड्यावर मोकळं असतं. दहावीच्या मुलाला हे आकडे द्या आणि अन्नजाळं काढायला सांगा. बाण कुठून कुठे जातो यावर आमच्या अंगणात अर्धा तास भांडण झालं, आणि त्या भांडणात 'उत्पादक', 'प्राथमिक भक्षक', 'सर्वोच्च भक्षक' हे शब्द मुलांनी आपणहून वापरले.

इथे एक गमतीची गोष्ट कळली. मुलं बाण उलटा काढतात. 'बिबट्या कुत्र्याला खातो' म्हणून बिबट्याकडून कुत्र्याकडे बाण. पुस्तकातली साखळी पाठ असल्यामुळे ही चूक कधी उघडी पडत नाही, स्वतःची साखळी काढायला लावली की लगेच पडते. बाण म्हणजे 'कोण कोणाला खातो' नाही, ऊर्जा कुठून कुठे गेली ते.

तिसरं वाक्य, 'सगळे पकडून न्या.' शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो. याच वनविभागात २००१ नंतर मोठ्या संख्येनं बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले आणि त्याच काळात, २००१ ते २००३ मध्ये, माणसांवरचे हल्ले वाढले. अभ्यासकांनी या दोन गोष्टींचा संबंध दाखवून दिला. बिबट्याची हद्द असते. एक उचलला की रिकाम्या हद्दीत दुसरा येतो, बहुतेकदा तरुण आणि अनोळखी. जोवर पाया तसाच आहे, तोवर वरची जागा रिकामी राहत नाही. माणसाला मारणारा विशिष्ट बिबट्या हटवावाच लागतो, त्यावर माझ्या मनात शंका नाही. पण नुसत्या पिंजऱ्यांवर भरवसा ठेवून खरकटं आणि मेलेल्या कोंबड्या रस्त्याकडेला टाकत राहणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे. हे नववीतल्या मुलाला कळू शकतं. त्याने घरी जाऊन सांगितलं तर बापालाही कळू शकतं.

काही सहकारी म्हणतील, बोर्डाला बिबट्या विचारत नाहीत. खरं आहे. पण बोर्डाला अन्नजाळं विचारतात, ऊर्जेचा मनोरा विचारतात, 'तुमच्या परिसरातील उदाहरण द्या' असंही विचारतात, आणि तिथे मुलं पुन्हा नाकतोडाच लिहून येतात. शिवाय परीक्षा मार्चमध्ये संपते, उसाकडेची पायवाट त्यानंतरही तीच असते.

बिबट्यावर मी जरा जास्तच लिहिलं, पण बाकीच्या संकल्पनाही शिवारातच आहेत. दौंडकडची भीमा घ्या. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसजवळ भीमेत येतं आणि पुढे उजनीच्या फुगवट्यात जाऊन साचतं. सांडपाण्यात नायट्रोजन, फॉस्फरस भरपूर, म्हणजे पाण्याला आयतं खत. शेवाळ आणि जलपर्णी माजते. ती मरते, विघटक जिवाणू तिच्यावर तुटून पडतात, त्यांना श्वसनाला ऑक्सिजन लागतो, तो पाण्यातून संपतो आणि मासे वर येऊन तोंड उघडतात. मुलं म्हणतात, 'पाण्यात विष कालवलं.' कधी तसंही असेल, पण विष नसतानाही मासे मरू शकतात, आणि का मरतात हे समजायला श्वसन, विघटक आणि पोषकद्रव्यांचं चक्र अशा तीन धड्यांची एकदम गरज पडते. त्याच फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, ज्यांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातल्या रंगद्रव्यामुळे असतो. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची, जाळ्यात सर्वात जास्त येणारी चिलापी मूळची आफ्रिकेची. स्थानिक प्रजाती आणि परकी प्रजाती शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण कुठलं?

आणि माळ. पाच जूनला सगळ्या शाळा माळावर खड्डे घेतात, मीही घेतले आहेत. पण माळरान म्हणजे झाडं नसलेली वाया गेलेली जागा नव्हे, ती वेगळी परिसंस्था आहे. दौंडला लागून बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ चं, जेमतेम सव्वापाच चौरस किलोमीटरचं. ते चिंकारासाठी आहे, आणि चिंकाराला दाट झाडी नको, मोकळं गवत पाहिजे. लांडग्यालाही तेच. 'पर्यावरण वाचवण्यासाठी काय कराल?' याला प्रत्येक वहीत 'झाडे लावू' हे एकच उत्तर सापडतं. कुठे आणि कोणती, हे विचारायला शिकवलं तर नववीचा धडा खऱ्या अर्थाने संपला असं मी म्हणेन.

विघटकांसाठी पाचट पुरेसं आहे. एका सरीत पेटवलेलं, एका सरीत ठेवलेलं. दोन-तीन महिन्यांनी दोन्हीकडची माती मुलांना हाताने चाळायला द्या, गांडूळ कुठे निघतं ते त्यांचं त्यांना कळेल. पेटवलं की पाचटातला नायट्रोजन हवेत जातो, मग तोच आपण गोणीतून विकत आणतो. आणि नायट्रोजन चक्रासाठी फुलावर आलेल्या हरभऱ्याचं एक झाड मुळासकट अलगद खणून काढा, मुळावरची गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी दिसली की तिथे रायझोबियम कामावर आहे असं समजा. 'सहजीवन' हा शब्द मग वेगळा सांगावा लागत नाही.

पालकांना एक विनंती. मुलगा संध्याकाळी उसाच्या बांधावर हरभरा बघायला जाणार असेल तर एकट्याला सोडू नका, सोबत मोठं माणूस असू द्या. हा सगळा अभ्यास उजेडात करायचा. बिबट्या पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त फिरतो. वाकलेलं किंवा बसलेलं लहान मूल त्याला भक्ष्यासारखं दिसू शकतं. बोलत, आवाज करत, घोळक्याने चाला, हातात बॅटरी ठेवा.

सध्या ऊसतोड जोरात आहे. फड तुटत आला की पिल्लं सापडतात आणि लोक गर्दी करतात, फोटो काढतात. पिल्लं जिथे सापडली तिथेच वनखात्याची माणसं ती परत ठेवतात, आई रात्री येऊन घेऊन जाते. गर्दी असेल तर ती येत नाही, आणि पिल्लं हरवलेली मादी आसपास फिरत राहते. फडाच्या कडेला तेव्हा कोण असतं? तोडणी कामगारांच्या कोप्या. ताडपत्रीचं छप्पर, दार नाही, आणि आत झोपलेली मुलं, ज्यांच्यातली काही आमच्या हंगामी पटावर आहेत आणि काही कुठल्याच पटावर नाहीत. दहावीची उजळणी करणाऱ्या आमच्या चार मुलींनी यंदा अन्नजाळ्याचा तक्ता कार्डशीटवर मोठा काढलाय, नावांऐवजी चित्रं घालून. येत्या रविवारी दुपारी आम्ही तो घेऊन जवळच्या अड्ड्यावर जाणार आहोत. तक्ता आणि टॉर्च, दोन्ही. आसपासच्या शाळांतल्या कुणाला यायचं असेल तर त्यांनी शनिवारपर्यंत कळवावं.